साध्या काचेची खिडकी

त्या बाईंनी माझे बूट स्वतःच्या हातांनी उचलले, याची मला अजून लाज वाटते.

बायकोचं ऑपरेशन चालू होतं. हॉस्पिटलात बसवेना, म्हणून मी जवळच्या नोव्हेना भागात भटकत होतो. तिथे कॅथलिकांचं मोठं चर्च आहे. आमच्या बौद्ध घरात नवसाची रीत नाही, तरी मेणबत्ती लावायचा मोह झाला. स्वतःचाच राग येऊन मी मागच्या गल्लीत वळलो. तिथे रिफॉर्म्ड या ख्रिस्ती पंथाचं एक छोटंसं चर्च होतं. मी बाहेरच घुटमळत राहिलो.

सत्तरीच्या एका चिनी बाईंनी दारात येऊन मला आत बोलावलं. त्यांच्या हातात फडकं होतं. मी सवयीने बूट काढले, तर त्यांनी ते उचलून मी बसलो त्या बाकाखाली आणून ठेवले.

आत ना मूर्ती, ना चित्र. पांढऱ्या भिंती, समोर मधोमध प्रवचनाचा लाकडी मंच आणि उंच, साध्या काचेच्या खिडक्या.

"लहानपणी मला त्या मोठ्या चर्चच्या रंगीत काचांचा फार हेवा वाटायचा," खिडकी पुसत त्या इंग्रजीत म्हणाल्या. "हे चर्च बांधणाऱ्यांत माझे आजोबा होते. चित्रं नकोत, उजेड पुरे, म्हणायचे."

तेवढ्यात फोन आला. ऑपरेशन नीट पार पडलं होतं. आभार कुणाचे मानायचे ते कळेना, म्हणून त्यांचेच मानले.

"माझे कशाला? आजोबांचे माना," त्या हसल्या. "काच रंगीत असती, तर तुम्ही बाहेर उभे दिसला नसतात."