चौथं नाव

फतेगंजच्या आमच्या क्लबात दर रविवारी ब्रिजची स्पर्धा असते. कोणती जोडी कोणत्या टेबलावर बसेल ते ठरवणारा आणि गुण मांडणारा प्रोग्राम मी लिहिला. पाच टेबलं भरल्याशिवाय तो सुरूच होत नसे. मग माणसं घटली. कुणी मुलाकडे कॅनडाला गेलं, कुणी कायमचंच गेलं. दर वेळी मी ती अट खाली आणायचो आणि सेक्रेटरीकाका गुजरातीत म्हणायचे, ‘चालशे.’ शेवटी चौघांचं एकच टेबल उरलं. एका टेबलाची कसली डोंबलाची स्पर्धा? या रविवारी काकांसकट तिघंच आले. प्रोग्राम चौथं नाव मागत राहिला. तिघांनी माझ्याकडे पाहिलं. मला ब्रिज खेळता येत नाही. काकांनी तरीही चौघांचे पत्ते वाटले.