तिसऱ्या दगडाची जागा

मामा गेल्याचं कळलं तेव्हा मी मौद्याच्या बाजारात आमच्या संघटनेची पत्रकं वाटत होते. घसा बसलेला, काखेत गठ्ठा, आणि आईचा फोन. आई म्हणाली, "तुया मामा गेला वं." मी विचारलं, "कोणता?" आईला सख्खे-चुलत धरून भाऊ बरेच, त्यामुळे प्रश्न तसा चुकीचा नव्हता.  आई म्हणाली, "धबधब्याचा." नागपुरात, सक्करदऱ्याच्या आमच्या घरात त्याला तेच नाव होतं. मी उरलेली पत्रकं तिथल्या एका चहावाल्याकडे ठेवली आणि बस पकडली. ती पत्रकं पुढे त्याने भजी बांधायला वापरली असतील, आणि तो त्यांचा बराच बरा उपयोग होता, असं मला आता वाटतं.

मामा आईचा चुलतभाऊ. नागपूरहून अडीच तासांवर डोंगराच्या पायथ्याला त्याचं गाव, आणि गावाच्या वर तो धबधबा. एकाखाली एक तीन टप्प्यांनी उतरणारा. आई लहानपणी तिथे कपडे धुवायला जायची. मग शहरातल्या एका बड्या कुटुंबाने तो सगळा उतार विकत घेतला, कुंपण घातलं, झाडं लावली, मातीच्या रंगाची कॉटेजेस बांधली, आणि आईच्या कपडे धुवायच्या जागेला निसर्ग-अभयारण्य म्हणायला लागले. सरकारचं नाही हं, खाजगी. ही पुरवणी वाचणाऱ्यांपैकी पुष्कळजण तिथे एक रात्र राहून आले असतील. पण त्या जागेचं नाव मी लिहिणार नाही आणि मामाचंही लिहिणार नाही. मला ओळखणारे हे वाचून हसतील, कारण आजवर मी नाव न घेता एक ओळ लिहिलेली नाही. का लिहिणार नाही, ते पुढे येईलच.

गावातली जी माणसं आत कामाला लागली त्यांत मामा पहिला. त्याचं काम एकच, तळातल्या डोहावर उभं राहायचं आणि पाहुण्यांना बुडू द्यायचं नाही. गळ्यात पितळी शिटी. आता तिथली गंमत अशी की डोहावर ऊन असतं, आभाळ निळंशार, आणि पाऊस पडतो मागच्या डोंगरावर, जो डोहावरून दिसतच नाही. पाणी चढतं ते आधी बोटभर, मग वीतभर, आणि मग एकदम. फोटो काढणाऱ्याला ते पहिलं बोट कळत नाही. मामाला कळायचं, कारण त्याने खूण ठेवलेली होती. डोहाच्या कडेला काळ्या खडकाची उतरती लादी आहे. तिच्यावर तो भाकरीएवढे चपटे तीन दगड मांडायचा, एकाच्या वर एक नव्हे, उतारावर अंतर सोडून. दरवर्षी पुरात ते वाहून जात, दरवर्षी तो पावसाच्या तोंडाला नव्याने मांडायचा. आणि जागा दरवर्षी थोडी वेगळी. वरचा नाला कुठे खचला, कुठे झाड आडवं पडलं, हे सगळं हिंडून बघून मग तो ठरवायचा. दोन-दोन दिवस लागायचे त्याला तीन दगड ठेवायला. मॅनेजरला वाटायचं, हा माणूस खेळतोय.

दोन वर्षांपूर्वी शिटी बंद झाली. पाहुण्यांनी इंटरनेटवर लिहिलं की जागा सुंदर आहे, पण एक माणूस सारखी शिटी वाजवतो, निसर्गाची शांतता भंगते. पाठोपाठ पाहुण्यांना धरायला डोहावर बांधलेला दोरही काढला, फोटोत येतो म्हणून. शिटी मॅनेजरने ऑफिसात जमा करून घेतली. मामाने हाका मारून काम चालवायचं ठरवलं, पण धबधब्यापुढे माणसाचा आवाज तो केवढा... हे मला यंदाच्या उन्हाळ्यात कळलं आणि मी पेटले. वही घेऊन गेले. मी ज्यांच्या हाताखाली पत्रक लिहायला शिकले त्यांचा एकच नियम होता: निनावी साक्ष म्हणजे अफवा. नाव, गाव, तालुका, जिल्हा, आणि माणूस बोलला तसाच्या तसा, अवतरणात. हा नियम मी इतका पाळला आहे की माझ्या वह्या म्हणजे मतदारयाद्या वाटतात.

मामा मला त्या लादीवर घेऊन गेला. पावसाच्या अगोदरचे दिवस, पाणी कमी, आणि तो नुकताच दगड मांडून मोकळा झालेला. उकिडवा बसला आणि बोट करून सांगायला लागला. "पाह्य वं पोरी. पयला बुडला का लेकरं बाहेर. दुसरा बुडला का मोठी माणसं बाहेर. तिसरा बुडला का मी बी बाहेर. मंग तिथं कलेक्टर बुडत असन तरी मी जात नाई." मी हसले आणि भराभर लिहून घेतलं. असं वाक्य पत्रकाला रोज मिळत नाही. तो पुढे बराच वेळ सांगत राहिला, हा इथंच काहून, तो तिथंच काहून, आणि मी मान खाली घालून मागचंच वाक्य तपासत होते, 'असन' की 'असेल'. त्याने एकदा विचारलंही, "पाहून राहिली ना?" मी म्हटलं, हो मामा, बोला.

आणखी एक गोष्ट त्या दिवशी तो बोलला, ती मी पत्रकात घेतली नाही. कुंपण पडल्यापासून जनावर वापस आलं, म्हणाला. सांबर पाण्यावर येते, पोट्टे फासे लावत नाहीत, खोटं काहून बोलू. मी ते वाक्य वहीतही लिहिलं नाही. आमच्या पत्रकात मालकाच्या बाजूचं वाक्य बसत नाही.

पत्रकाचं शीर्षक होतं 'शिटी बंद, मरण चालू'. गांधीबागेतल्या एका छापखान्यात छापलं, पिवळ्या कागदावर. मामाचं ते वाक्य चौकटीत, खाली त्याचं पूर्ण नाव आणि गाव. छापण्याआधी मी त्याला विचारलं होतं, हे मी स्वतःला पुष्कळदा सांगते. तो म्हणाला होता, लिव ना, खोटं थोडी हाय. पण नोकरी त्याची होती आणि पत्रक माझं होतं, हा फरक त्याला समजावून सांगणं माझं काम होतं. मी सांगितला नाही. मला चौकट दिसत होती.

आठवड्याभरात त्याला डोहावरून काढून चादरी धुवायच्या शेडमध्ये टाकलं. कामावरून काढलं नाही, कारण काढलं असतं तर मी आणखी एक पत्रक काढलं असतं, आणि तेवढी अक्कल त्यांना होती. मामाचा फोन आला, आवाजात हसू. "मले बढती भेटली. आता मशीनवर हाओ. थे बी पाणी, हे बी पाणी. याच्यात साबण हाय, येवढाच फरक." मी लगेच तावातावाने सुरू झाले, आपण यावरही काढू, सोडायचं नाही. तो ऐकून घेत राहिला. मग म्हणाला की पत्रक नको, एक काम कर. डोहावर आता एजन्सीचा गार्ड असतो आणि दर पंधरा दिवसांनी बदलतो. एकाला त्याने दगड समजावले तर तो गेला, दुसरा आला, आणि मामाला तर आता तिकडच्या पायवाटेवर जायची मनाई. "तू शिकलेली हाय. तुले आत सोडतीन. त्या गार्डाले दगड दाखवून दे वं."

मी काय केलं? मी व्यवस्थापनाला निवेदन दिलं. सहा मागण्यांचं, संघटनेच्या लेटरहेडवर, पोच घेऊन. दगडांची गोष्ट त्यात चौथ्या क्रमांकावर होती: 'पारंपरिक जलसूचक खुणांबाबत सुरक्षारक्षकांना प्रशिक्षण देण्यात यावे.' मामाला वाचून दाखवलं तेव्हा तो म्हणाला, बापा, येवढं मोठं झालं ते? मला ती शाबासकी वाटली होती.

पुढचं मला त्याच्या मुलीने सांगितलं. ती तिथल्याच स्वयंपाकघरात कामाला आहे. धुलाईच्या शेडला पाणी येतं ते धबधब्याच्या वरच्या नाल्यातून, पाइपाने. त्या दुपारी मशीनमधल्या पांढऱ्या चादरी मामाच्या डोळ्यांपुढे चहाच्या रंगाच्या झाल्या. बाहेर लख्ख ऊन. तो मशीन तसंच सोडून धावला. स्वयंपाकघराच्या दारातून जाताना एवढंच म्हणाला, "गढूळ आलं." मुलगी हात पुसून मागे गेली तेव्हा डोहात एक नवरा-बायको कमरेएवढ्या पाण्यात अडकलेले, गार्ड काठावरून हातवारे करत होता आणि लादीवर एकही दगड दिसत नव्हता. तिन्ही बुडाले होते. त्याच्याच हिशेबाने कलेक्टरसाठीसुद्धा जायची ती वेळ नव्हती. तो गेला. बाईला त्याने खडकाला लावलं, नवऱ्याचा हात तिच्या हातात दिला, आणि मग मुलीला बाप दिसलाच नाही. संध्याकाळी खाली ओढ्याच्या वळणावर सापडला. ती दोघं जिवंत आहेत. कुठली, कोण, मला शोधून काढता आलं असतं. काढलं नाही.

व्यवस्थापनाचा खुलासा आला: कर्मचारी नेमून दिलेली कामाची जागा सोडून, विनापरवानगी पाण्यात उतरला. आणि खाली, चालू यंत्र सोडून गेल्याने लिननचे नुकसान झाले. लिननचे! मी तो कागद वाचला आणि दुसऱ्या पत्रकाचं शीर्षक मला तिथल्या तिथे सुचलं. खरं सांगते, मामाला जाळून चार दिवस झाले नव्हते आणि मला शीर्षक सुचलं.

पुण्यानुमोदनाला गावी गेले. बुद्धवंदना झाली, माणसं जेवायला बसली, तेव्हा मी मामीजवळ सरकले आणि म्हटलं की आपण गप्प बसायचं नाही, मामाचं नाव पुन्हा छापायचं, या वेळी मोठ्या अक्षरांत. मामी वाढता वाढता थांबली. ओरडली नाही. म्हणाली, "त्याचं नाव तू एकदा छापलं, तं डोह गेला. पोरगी हाय माही तिथं कामाले. आता नाव नको छापू वं." मी मान हलवली. तेव्हा तिने माझ्या पानात आणखी थोडी भाजी वाढली आणि इतक्या हळू आवाजात, की टोमणा होता की विचारणा ते मला आजही कळलेलं नाही, म्हणाली, "दगड दाखवाले गेलती का तू?"

म्हणून गेल्या आठवड्यात गेले. मैत्रिणीच्या नावावर कॉटेज घेतलं, एका रात्रीचं, कारण माझं नाव फाटकावर माहीत आहे. खोलीत पांढऱ्याशुभ्र चादरी होत्या. मी त्यांच्यावर बसले नाही. थेट डोहावर उतरले. पाऊस उघडला होता, पाणी ओसरलेलं, लादी अर्धी कोरडी, आणि लादीवर दगडांचे मनोरे. पाहुणे रचतात ना एकावर एक, फोटोसाठी, तसे. सात-आठ मनोरे. त्यांत चपटे, भाकरीएवढे दगडही होते. त्याचे होते की पुराने आणलेले, कोण सांगणार... मी एकेक मनोरा उतरवायला लागले तसा खुर्चीवरचा गार्ड उठून आला. साधा माणूस, नागपूरकडचाच. "म्याडम, काहून पाडून राहिले?"

मी त्याला खाली बसवलं आणि सगळं सांगितलं. पहिला बुडला की लेकरं, दुसरा बुडला की मोठी माणसं, तिसरा बुडला की आपणही. तो नीट ऐकत होता. त्याला ते पटलंही, कारण त्याने स्वतःच जाऊन तीन चांगले चपटे दगड निवडून आणले, दोन्ही हातांत धरून माझ्यासमोर उभा राहिला आणि म्हणाला, "सांगा, कुठं ठेवू?"

मी पिशवीतून वही काढली. पान सापडलं. मामाचं वाक्य अवतरणात होतं, शब्दन्‌शब्द बरोबर, 'असन'सुद्धा. खाली नाव, गाव, तालुका, जिल्हा. पान उलटलं. मागे छापखान्याचा पत्ता होता आणि पिवळ्या कागदाचा भाव.

गार्ड दगड धरून उभाच होता.