साध्या पंपाच्या पेट्रोलवर

त्याला सगळे कानसेन म्हणायचे. गाण्यातलं त्याला ओ की ठो कळत नव्हतं, पण चालू इंजिनाजवळ डोळे मिटून उभा राहिला की इंजिनाच्या पोटात नेमकं कुठे दुखतंय ते सांगायचा. गिऱ्हाईक तक्रार सांगू लागलं की म्हणायचा, "तुम्ही थांबा, तिला बोलू द्या." यात थोडं नाटक होतं, पण खोटं नव्हतं. खोटं नंतर आलं.

त्याचं गॅरेज शहरातून बाहेर पडणाऱ्या रस्त्यावर होतं आणि त्याच रस्त्याला थोडं पुढे सासऱ्यांचा पेट्रोलपंप. लग्न जमलं तेही पंपावरच. काउंटरवर बसणाऱ्या मुलीला बघायला हा टाकी अर्धी असतानाच पुन्हा पेट्रोल भरायला जायचा, आणि सासऱ्यांना वाटायचं, बिचाऱ्याची गाडी फारच पेट्रोल पिते. लग्नानंतर खरा प्रकार कळला तेव्हा म्हातारा ठसका लागेपर्यंत हसला.

सासरे म्हणजे सरळ माणूस, आणि सरळ माणसाशी वागणं किती अवघड असतं ते ज्याला जावई व्हावं लागतं त्यालाच कळतं. पेट्रोल भरून झालं तरी ते नळी लगेच काढायचे नाहीत. वाकून वाट बघायचे, शेवटचा थेंब टाकीत पडू द्यायचे. मागचा गाडीवाला हॉर्न वाजवायचा. "वाजव बाबा," ते म्हणायचे, "तुझाही थेंब मी असाच सांभाळणार आहे."

आता गाडीबद्दल. कानसेनची स्वतःची गाडी राखाडी, चार दारांची, मुलगी लहान असताना उन्हासाठी लावलेली जाळी मागच्या काचेवर अजून तशीच. शेजारून गेली तरी कुणी मान वळवू नये अशी. पण बॉनेटखाली त्याने भला मोठा टर्बो बसवला होता. तो इंजिनात हवा कोंबायचा आणि पाय दाबला की आत बसलेल्याचं डोकं मागच्या उशीला चिकटायचं. शहराबाहेरच्या, वापरात नसलेल्या धावपट्टीवर रविवारी सकाळी अशा गाड्यांच्या जोड्या पळायच्या. खुला गट होता, त्यात काहीही चालायचं. आणि रस्त्यावरच्या गाड्यांचा गट होता, त्याचा नियम एकच: पंपावर कुणालाही मिळतं तेच पेट्रोल. तपासणी वगैरे काही नव्हती. माणसाच्या शब्दावर चालायचं.

सुरुवातीला कानसेन या गटात जिंकला तो खरोखर साध्या पेट्रोलवर. सासऱ्यांना आभाळ ठेंगणं झालं. पंपाच्या ऑफिसात त्यांनी गाडीचा फोटो लावला, पोरीच्या लग्नाच्या फोटोपेक्षा मोठा. कुणी सहज विचारलं, "काका, पेट्रोल चांगलं आहे ना?" की उत्तर ठरलेलं: "चांगलं आहे म्हणजे? आमच्या जावयाची गाडी यावरच पळते!" कुणी नाही विचारलं तरी तेच उत्तर.

मग नव्या गाड्या आल्या आणि कानसेन हरायला लागला. जिंकायचं तर टर्बोने हवा आणखी कोंबायला हवी, आणि साधं पेट्रोल तेवढा दाब सोसत नाही. ठिणगीची ज्योत पोचायच्या आधीच ते कोपऱ्यात आपलं आपण भडकतं आणि इंजिन आतून ठोके खात राहतं. रेसचं म्हणून वेगळं इंधन मिळतं, ते हा दाब मुकाट सोसतं. ते लांबून मागवावं लागतं आणि त्याला एक गोडसर वास असतो. आता ते घालून खुल्या गटात उतरायला कुणाची ना नव्हती. पण तिथे हा बाराजणांतला एक झाला असता. "साध्या पंपाच्या पेट्रोलवर" हे तीन शब्द गेले असते, आणि गॅरेजला येणारी निम्मी गिऱ्हाइकं त्या तीन शब्दांवर येत होती.

म्हणून त्याने एक कॅन मागवला. नुसतं बघू तरी, असं म्हणून. गाडीच्या संगणकात दोन हिशेब भरून ठेवले आणि स्टिअरिंगखाली कुणाला दिसणार नाही असं एक बटण बसवलं. डावीकडे साधं पेट्रोल, कमी दाब. उजवीकडे रेसचं इंधन, पूर्ण दाब. आठवडाभर बटण डावीकडे. रविवारी पहाटे टाकी जवळजवळ रिकामी करायची, कॅनमधलं दोन-तीन फेऱ्यांपुरतं ओतायचं आणि बटण उजवीकडे. मांजर डोळे मिटून दूध पितं तसं त्याचं चाललं होतं. तो पुन्हा जिंकू लागला.

बायकोने एकदा शर्ट धुवायला टाकताना विचारलं, "हा कसला वास?"

"थिनरचा."

"रंगकाम कधीपासून घेऊ लागलात?"

कानसेन टॉवेल घेऊन आंघोळीला गेला. तिनेही पुन्हा विचारलं नाही. पण जिचं बालपण पंपावर गेलं तिला पेट्रोल आणि थिनर यांतला फरक कळत नाही असं त्याने मानावं, म्हणजे कमालच होती.

सासरे धावपट्टीवर कधी यायचे नाहीत, कारण रविवारी पंपावर गर्दी. पण त्या वर्षीच्या शेवटच्या शर्यतीला त्यांनी ठरवलं, जायचंच. कानसेन बायकोला घेऊन त्यांना आणायला पंपावर गेला, तर म्हातारा इस्त्रीचा शर्ट घालून हातात नळी घेऊनच उभा. चार गाडीवाले भोवती जमलेले.

"या जावईबापू! आज माझ्या हातचं. टाकी फुल्ल करतो."

टाकीत पहाटेच ओतलेलं रेसचं इंधन होतं. "नको बाबा, आहे पेट्रोल. उगाच वजन वाढतं."

"वजन माझं बघा, मी काही शर्यतीत आत बसणार नाहीये." सगळे हसले. सासऱ्यांनी झाकण उघडलंसुद्धा.

धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. काय सांगणार होता तो? बायकोने त्याच्याकडे एकदा पाहिलं आणि मग दुसरीकडे पाहिलं. आत वाटीभर दूध आणि वर घागरभर पाणी, अशी टाकीतल्या इंधनाची गत झाली. सासरे शेवटच्या थेंबासाठी नेहमीपेक्षा जास्त वेळ वाकून थांबले.

धावपट्टीवर पोचेपर्यंत त्याचं ठरलं होतं: बटण डावीकडे ठेवायचं आणि हरायचं. हरलो तर काय, म्हातारा तासभर हळहळेल, जेवेल, विसरेल. साधी गोष्ट होती आणि सगळं त्यातच निभावलं असतं. पण तेवढ्यात कर्ण्यावरून पुकारा झाला, की ही गाडी ज्यांच्या पंपाच्या पेट्रोलवर पळते ते गृहस्थ आज स्वतः आलेले आहेत. लोकांनी टाळ्या वाजवल्या. सासरे कठड्याशी उठून उभे राहिले, त्यांनी हात जोडले, आणि त्यांचे ओठ थरथरताना कानसेनला काचेतून दिसले. हा माणूस आज हरलेला बघायचा, हे त्याला सोसेना. निदान तेव्हा स्वतःला त्याने तसं सांगितलं. खरं म्हणजे स्वतः हरलेलं दिसणं त्याला सोसत नव्हतं. त्याने बटण उजवीकडे केलं.

गाडी सुटली. तिसऱ्या गिअरमध्ये त्याला आवाज आला. पत्र्याच्या डब्यात खडे खुळखुळवावेत तसा. हा आवाज त्याने शेकडो गाड्यांत ऐकला होता आणि प्रत्येक मालकाला एकच सांगितलं होतं, "असं ऐकलंत की पाय काढा, बाकी सगळं नंतर." त्याने स्वतः ऐकलं, ओळखलं, आणि पाय दाबून धरला. मग एक दणका बसला आणि मागच्या जाळीतून धुराशिवाय काही दिसेनासं झालं.

लोक धावत आले. कुणीतरी विचारलं, "कानसेन, काय झालं रे?"

पिस्टन गेला होता, का गेला तेही त्याला माहीत होतं. कुठल्याही इंजिनाचा आजार उभ्या उभ्या सांगणारा माणूस म्हणाला, "उघडून बघावं लागेल."

"आज पेट्रोल कुठे भरलं होतंत?"

कानसेन बोलला नाही. धापा टाकत पोचलेले सासरे बोलले. "माझ्याकडे," ते म्हणाले. "मीच भरलं, माझ्या हातानं."

त्यानंतर कुणी काही विचारलं नाही. माना हलल्या, तेवढ्यांनी काम केलं.

दुसऱ्या दिवशी गॅरेजचं दार आतून लावून त्याने इंजिन उघडलं. पिस्टनची कड खाल्ल्यासारखी वितळली होती. त्यात पेट्रोलचा काडीचा दोष नव्हता. त्याच्याकडून त्याच्या कुवतीबाहेरचं काम मागितलं होतं, इतकंच. तिकडे सासऱ्यांनी विक्री थांबवून पंपाला दोरी बांधली होती. जमिनीखालची टाकी तपासून घेतली, ती स्वच्छ निघाली, पण तसा कागद दाखवून कुठे गिऱ्हाईक परत येतं का? घर फिरलं की वासे फिरतात. वर्षानुवर्षं तिथे पेट्रोल भरणारे टॅक्सीवाले पुढच्या पंपावर जाऊ लागले. आणि सगळ्यांत वाईट म्हणजे खुद्द सासऱ्यांचाच त्या कागदावर विश्वास नव्हता. "तपासणीत चुकलं असेल काही," ते म्हणायचे. "जावयाची गाडी गेली ती काय उगाच?"

एका दुपारी ते गॅरेजमध्ये आले. उघड्या इंजिनासमोर उभे राहिले आणि त्यांनी जावयापुढे हात जोडले. "जावईबापू, माझ्या हातनं तुमची गाडी गेली. मला माफ करा."

कानसेनला वाटलं, पायाखालची फरशी फाटावी. त्याने ते हात धरून खाली केले. "बाबा, तुमची काही चूक नाही हो. चूक माझीच आहे. सगळी माझी."

यापुढचं वाक्य त्याच्या जिभेवर होतं. पण सासऱ्यांच्या डोळ्यांत पाणी आलं आणि ते म्हणाले, "हे तुमचं मोठेपण." आणि कानसेनने ते वाक्य गिळलं.

दोन दिवसांत ही गोष्ट रस्ताभर झाली. सासऱ्याच्या पेट्रोलनं गाडी गेली तरी जावई दोष स्वतःवर घेतो! गिऱ्हाइकं येऊन पाठ थोपटायची. "असा जावई मिळायला भाग्य लागतं," टायरवाल्याची म्हातारी आई मुद्दाम येऊन सांगून गेली. शिव्या खाऊन माणूस सावरतो, पण या स्तुतीने त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं. जेवताना ताटाकडे बघवेना.

बायको समोर बसली. "बाबा रडले माझ्यापाशी. म्हणाले, देवमाणूस दिलाय तुला."

त्याने ताट बाजूला सारलं.

"मी हो म्हटलं. वास मलाही येत होता, तरी बापाला हो म्हटलं. तुमची लाज मी एकवेळ गिळली असती हो. आता मला माझीच वाटते."

सकाळी उठून त्याने कॅन उचलला आणि भर रस्त्याने चालत पंपावर गेला. सासरे दोरीच्या आत खुर्ची टाकून बसले होते, दोन टॅक्सीवाले नुसते गप्पांना टेकले होते. कानसेनने कॅन त्यांच्यासमोर ठेवला, झाकण उघडलं आणि सांगितलं. बटण सांगितलं, रविवारची पहाट सांगितली, खडे खुळखुळले तेही सांगितलं. "जिंकत होतो ते यावर, बाबा. तुमच्या पेट्रोलवर नाही. आणि तुमचं पेट्रोल चांगलं होतं, हे मला त्याच दिवशी माहीत होतं."

टॅक्सीवाल्यांपैकी एक कौतुकाने हसला. "बघा, काका! सासऱ्याला वाचवायला खोटा डबासुद्धा पैदा केला पठ्ठ्यानं!"

सासरे हसले नाहीत. ते वाकले, कॅनच्या तोंडाशी नाक नेलं, आणि बराच वेळ तसेच राहिले.

"मागे जेवायला आलात तेव्हा तुमच्या शर्टाला हाच वास होता," ते म्हणाले. "मला वाटलं, पोरीनं नवीन अत्तर आणलंय."

ते रागावले असते तर बरं झालं असतं. कानसेन मान खाली घालून उभा होता आणि दोन शिव्यांची वाट बघत होता. सासऱ्यांनी झाकण घट्ट लावलं, कॅन त्याच्या हातात दिला. "हे लांब नेऊन ठेवा. पंप आहे हा." मग त्यांनी दोरी सोडली आणि गुंडाळून खुर्चीवर ठेवली.

हसणारा टॅक्सीवाला आता हसत नव्हता. त्याने गाडी पुढे घेतली आणि विचारायचं म्हणून विचारलं, "काका, पेट्रोल चांगलं आहे ना?"

कानसेन कॅन घेऊन रस्त्याच्या कडेला पोचला होता. तो थांबला. पुढचं वाक्य त्याला पाठ होतं.

"चांगलं आहे," सासरे म्हणाले, आणि नळी टाकीत घालून शेवटच्या थेंबाची वाट बघत वाकून उभे राहिले.