शिवम्माकाकूची फिर्याद

शिवम्मा हलकुडे यांच्या पिठाच्या गिरणीत खोटं बोलायचं तर ते ओरडून बोलावं लागतं, आणि ओरडून बोललेलं खोटं काकू लगेच ओळखतात. 'ज्वारी नवी हाय काकू' म्हणत कुणी डबा पुढं सरकवला, की त्या चार दाणे तळहातावर घेतात, एक दाढेखाली फोडतात आणि सगळ्या बायांसमोर निकाल देतात, "दोन वर्साची हाय. भाकरी तुटंल. नवऱ्यानं बोल लावला तर मग माझ्या गिरणीचं नाव सांगायचं न्हाई." आमच्या भालपेठेत आमदाराला नावं ठेवणारे पुष्कळ आहेत, पण काकूंच्या दळणाला नाव ठेवणारा मी अजून पाहिलेला नाही.

मी वैजनाथ पत्रे. गिरणीच्या समोर माझं कापडाचं दुकान आहे आणि मी बाजारपेठेच्या व्यापारी मंडळाचा सचिव आहे. हे पद सांगायला मला आधी फार आवडायचं.

भालपेठ अहमदपूर आणि उदगीरच्या मध्ये आहे. काकू इथं आल्या त्या भालकीहून, लग्न होऊन, एकोणिसाव्या वर्षी. मराठी येत नव्हतं. पहिला शब्द गावानं त्यांच्याकडून ऐकला तो 'बेड', म्हणजे कानडीत नको. सासूनं दुसरी भाकरी वाढली तर बेड, शेजारणीनं चुगली आणली तर बेड. पुढं त्यांचे मालक ईश्वरप्पा मेंदूत ताप जाऊन आठ दिवसांत गेले. मुलगी मंजुश्री तेव्हा तिसरीत होती. दिवस सरायच्या आत गावातले चार शहाणे गिरणी विकून टाका म्हणून सांगायला आले. त्यांनाही तोच एक शब्द ऐकायला मिळाला. शहाण्यांचं म्हणणं होतं की गिरणीचे झिजलेले दगड टाकी लावून खरबरीत करणं बाईमाणसाचं काम नव्हे. काकूंनी छिन्नी-हातोडी घेतली, दगड उलथा केला आणि डोळ्याला फडकं बांधून स्वतः टाकी लावली. आज बासष्टीत आहेत, पण दर पंधरवड्याला दगडावर त्यांची ठकठक चालू असते. त्या गिरणीवर मंजुश्री शिकली आणि आता लातूरला शाळेत शिकवते.

मीही लिंगायतच. पण माझं इष्टलिंग देवघरात खुंटीला असतं, सणावाराला गळ्यात येतं. काकूंचं तसं नाही. त्यांच्या गळ्यात चांदीच्या डबीत, रेशमी दोऱ्याला ते कायम. सकाळ-संध्याकाळ डाव्या तळहातावर ठेवून त्याची पूजा केल्याशिवाय त्या अन्नाला शिवत नाहीत. लहानपणी भालकीच्या मठात स्वामींनी बांधलेलं ते लिंग. ते जपायचं, अंगावेगळं करायचं नाही आणि निष्काळजीपणानं घालवलं तर त्याच्याएवढा दोष नाही, हे आमच्यात पाळण्यातल्या पोरालाही ठाऊक असतं.

आता त्या रस्त्याचं सांगतो, कारण सगळं तिथं घडलं. नगरपालिकेनं बाजारपेठेचं सुशोभीकरण काढलं. डांबर उखडलं, गट्टू बसवले, मधोमध नक्षीचे खांब उभे केले, चौकात 'आय लव्ह भालपेठ' अशी माणसाएवढी अक्षरं लावली. जुने दिवे कामाच्या आड येतात म्हणून काढून नेले. नवे दिवे खांबांवर लागले, पण त्यांना करंट नाही. कारण? उद्घाटन व्हायचंय. मोठ्या साहेबांची तारीख मिळेपर्यंत दिवे लावले तर उद्घाटन कशाचं करायचं? आठ महिने आमची पेठ दिवेलागणीला अंधारात, वर चकचकीत दिवे टांगलेले. हे बघून मला चीड यायची, पण सचिव असल्यामुळं मी ती चहाच्या टपरीपुरती ठेवत होतो.

एका सोमवारी संध्याकाळी सातच्या सुमाराला काकू गिरणी बंद करून घरी निघाल्या. सोमवारचा उपास, घरी जाऊन पूजा करून सोडायचा. अक्षरांच्या कोपऱ्यावर मागून मोटारसायकल आली, दोघंजण होते. मागच्यानं गळ्याला हात घातला आणि दोऱ्यासकट डबी ओढून नेली. त्याला अंधारात सोन्याची साखळी वाटली असणार. रेशमाचा दोरा सहज तुटत नाही. काकूंच्या मानेवर लालभडक वळ उठला, त्यातून रक्त आलं. मी आरडाओरडा ऐकून दुकानातून धावलो, तर त्या गट्टूंवर बसल्या होत्या, दोन्ही हात गळ्याशी. "वैजनाथ, लिंग नेलं रे," एवढंच म्हणाल्या. त्यांचा आवाज असा बारीक मी कधी ऐकला नव्हता.

त्याच पावली आम्ही पोलीस ठाण्यात गेलो. तिथले जमादार सटवाजी वाईट माणूस नव्हेत. त्यांनी काकूंना खुर्ची दिली, पाणी पुढं केलं, मानेला लावायला मलम मागवलं. काकूंनी मागच्याच्या मनगटातल्या कड्यापर्यंत सगळं सांगितलं. मग जमादारांनी कागद घेतला, लिहिलं आणि सहीसाठी पुढं केला. काकूंना मराठी अक्षरं सावकाश लागतात. त्यांनी कागद माझ्याकडं दिला, "वाच."

मी वाचलं. चांदीची डबी, बाजारातून जाताना गहाळ झाली, मिळाल्यास परत करावी.

"गहाळ म्हंजे?"

"हरवली," जमादार म्हणाले. "काकू, असंच लिव्हतेत. डबी सापडली की तुमाला बोलावतो. जबरी चोरी लिव्हली तर लई लफडी असत्यात."

"मी हरवलं न्हाई. माझ्या गळ्यातनं तोडून नेलंय. ही मान बघा."

"अहो पण डबी चांदीची, लहानशी…"

"डबीचं कुठं सांगायलेय मी? गहाळ झालं म्हणून सही केली तर मी कबूल केलं की माझ्या हातानं लिंग गेलं. चोरीचा दोष चोराचा. तो माझ्या माथी काहून लावायलाव तुमी?"

जमादारांना ते कळलं नाही. मला कळलं, पण मी गप्प राहिलो. काकूंनी कागद टेबलावर ठेवला आणि म्हणाल्या, "बेड." मग उठल्या, दारातल्या बाकावर जाऊन बसल्या. "खरं लिहाल तवा सही करीन. तवर अन्न न्हाई."

दुसऱ्या दिवशी सगळ्या पेठेला मतं फुटली. टपरीवर एकजण म्हणाला, आपल्या गावची पोरं असं करायची न्हाईत, ही बाहेरची अवलाद आहे. दुसरा म्हणाला, बायांनी गळ्यात काही घालून अंधारात फिरायचंच कशाला. तिसऱ्याला कॅमेरे पाहिजे होते. कॅमेरे आहेत. चौकात चार बसवलेत, त्यांतले दोन वाढदिवसाच्या फलकांमागं गेलेत, त्यांत फक्त पुढाऱ्यांची पाठ दिसते. दिवे लावा असं मात्र कुणी म्हणालं नाही. रात्री काकू बाकावरून घरी गेल्या होत्या, सकाळी पुन्हा येऊन बसल्या. नुसत्या पाण्यावर.

मंडळाची बैठक झाली. शुक्रवारी उद्घाटन ठरलं होतं. ठाण्याच्या दारात उपाशी म्हातारी बसलीय हे साहेबांच्या कानावर गेलं तर पेठेचं नाव खराब होईल, गिऱ्हाईक उदगीरला जाईल, असं सगळ्यांचं मत पडलं. "वैजनाथ, तुझं त्या ऐकतेत, तू मिटव," म्हणाले. मला बरंच वाटलं. मी आमच्या गावच्या मठातल्या स्वामींना घेऊन ठाण्यात गेलो.

स्वामी शांतपणानं म्हणाले, "शिवम्मा, दैवानं गेलं. प्रायश्चित्त करू, मी नवं लिंग देतो. जेव माय."

काकूंनी त्यांना वाकून नमस्कार केला. "घेईन की महाराज. तुमच्या हातनं घेईन. पण दीक्षा देताना तुमी इचारनार, पयलं कसं गेलं. मी काय सांगू? सरकारच्या कागदावर गहाळ हाय म्हणून सांगू?"

स्वामी माझ्याकडं वळून म्हणाले, "बरोबर बोलतेत त्या." आणि तेही बाकावर बसले. माझं मिटवणं तिथंच संपलं.

घरी आलो तेव्हा चिडलेला होतो. मंजुश्रीचा फोन आला होता, ती रजा टाकून निघाली होती, म्हणत होती आईला काही झालं तर कुणालाच सोडणार नाही. मी जेवायला बसलो आणि रेणुकाजवळ, म्हणजे माझ्या बायकोजवळ, तोंड सुटलं. एवढ्याशा शब्दासाठी जीव द्यायला निघालीय बाई, जगाची रीत कळत नाही, असं बरंच काही. रेणुकानं भाकरी ताटात टाकली आणि म्हणाली, "उद्या मी ठाण्यात जायलेय. माझं बी सांगणार हाय."

आता हे सांगायलाच पाहिजे. मागच्या धनत्रयोदशीच्या आदल्या दिवशी, त्याच अक्षरांच्या कोपऱ्यावर, तशाच दोघांनी रेणुकाचं गंठण ओढून नेलं होतं. ती रडत दुकानात आली. दुकानात दिवाळीची गर्दी होती. मी तिला मागच्या दारानं घरी पाठवलं आणि बजावलं की कुणी विचारलं तर सांग, तुटलं म्हणून सोनाराकडं दिलंय. त्याच आठवड्यात मी सचिव म्हणून पेपरात निवेदन दिलं होतं, आमची बाजारपेठ महिलांसाठी पूर्णपणे सुरक्षित आहे, बिनधास्त खरेदीला या. सात महिने ती सोनाराचं नाव सांगत होती. हळदीकुंकवाला, लग्नात, माहेरी. मी तिला एकदाही विचारलं नाही की सांगताना कसं वाटतं.

"लोक काय म्हणतील मला?" मी म्हणालो.

"तुमाला काय म्हणायचं ते म्हणतील. मला सात महिन्यांपासनं 'हरवलं असंल, वेंधळी हाय' म्हणून राहिलेत, ते चाललं न्हाई का तुमाला?"

बुधवारी सकाळी ती गेली. मी मागून गेलो, पण चार पावलं मागं. काकू बाकावर भिंतीला टेकून बसल्या होत्या, ओठ सुकलेले, पण पाठ ताठ. रेणुका त्यांच्या शेजारी बसली नाही. सरळ आत गेली आणि टेबलापुढं उभी राहिली.

"माझं गंठण त्याच कोपऱ्यावर, त्याच वक्ताला गेलंय. लाल मोटारसायकल, मागच्याच्या मनगटात कडं होतं. काकूंनी बी कड्याचंच सांगितलं ना? मग दोघींचं गहाळ कसं झालं, जमादार?"

जमादारांनी टोपी काढून टेबलावर ठेवली. आतून ठाण्याचे साहेब बाहेर आले. त्यांनी रेणुकाचं पुन्हा ऐकलं, मग बाकाकडं बघितलं, मग त्या कागदाकडं. "दोन्ही फिर्यादी घ्या," म्हणाले, "घडलं तसं लिहा."

काकूंची फिर्याद आधी लिहिली गेली. दोघा इसमांनी गळ्याला हिसका देऊन, इजा करून, इष्टलिंग असलेली डबी जबरदस्तीनं चोरून नेली. काकूंनी ती मला तीनदा वाचायला लावली. तिसऱ्यांदा 'जबरदस्तीनं' या शब्दावर बोट ठेवून स्वतः अक्षर-अक्षर लावत वाचलं. मग कानडीत सही केली. जमादारांनी तिच्याखाली शिक्का मारला.

रेणुकाची फिर्याद अर्ध्यावर आली तेव्हा जमादारांनी विचारलं, "वहिनी, सात महिने झाले. तवाच काहून न्हाई आलात?" रेणुकानं माझ्याकडं बघितलं असतं तरी बरं झालं असतं, पण तिनं खाली बघितलं. मीही खालीच बघितलं. "बरं, हे रिकामं ठेवतो," ते म्हणाले, "उद्या येऊन सांगा."

दुपारी स्वामींनी काकूंना लिंग दिलं. पूजा आमच्याच घरी झाली, कारण रेणुकानं त्यांना दुसरीकडं जाऊच दिलं नाही. मंजुश्री तोवर पोचली होती, रडत आणि आईवर ओरडत होती. काकूंनी वरणात कालवलेली भाकरी सावकाश खाल्ली. अर्धी भाकरी झाल्यावर हात थांबवला आणि माझ्याकडं बघितलं.

"वैजनाथ, हिचं गंठण चोरानं नेलं. हिचं तोंड कुणी बंद केलं होतं?"

मंजुश्री रडायची थांबली. रेणुका ताटात वरण वाढत होती, ती वाढत राहिली. मी पाणी आणायच्या निमित्तानं उठलो आणि स्वयंपाकघरात बराच वेळ उभा राहिलो. माझ्या वयात डोळ्यांत पाणी येणं बरं दिसत नाही, पण आलं.

गुरुवारी सकाळी दुकान न उघडता मी ठाण्यात गेलो. जमादारांनी रेणुकाची फिर्याद काढली. प्रश्नाखाली दोन ओळींची जागा तशीच होती.

"वहिनी आल्या न्हाईत?"

"याचं उत्तर तिच्याकडं नाही, माझ्याकडं आहे," मी म्हणालो. "लिहा. नवऱ्यानं येऊ दिलं नाही. आणि नवऱ्याच्या नावापुढं पद बी लिहा, सचिव, व्यापारी मंडळ."