मुलीचा खोकला थांबला तेव्हा

तमिळ मुलुखात समुद्रकाठी, एन्नोरच्या अलीकडे, तेल शुद्धीकरण कारखान्यापासून फार लांब नसलेल्या इमारतीत आम्ही तिघं राहायला आलो तेव्हा मुलगी पहिलीत होती. मी त्याच कारखान्यात इंजिनिअर. दाब, तापमान, प्रवाह मोजणारी उपकरणं नीट चालू ठेवायची, हे माझं काम. घर वरच्या मजल्यावर होतं आणि बाल्कनीतून समुद्राची एक निळी पट्टी दिसायची. त्या पट्टीवर भाळूनच बायकोने घर पसंत केलं.

पहिल्याच आठवड्यात बाल्कनीतल्या टेबलावर काळी भुकटी बसायला लागली. सकाळी पुसावं तर दुपारी पुन्हा. मुलगी तिच्यात बोटाने मांजरं काढायची आणि बोट फ्रॉकला पुसायची. बायको तिच्यावर ओरडायची, पण ओरडताना हसायचीही. दिसणाऱ्या भुकटीची मला फारशी भीती नव्हती. ती नाकात अडकते, शिंकेबरोबर बाहेर पडते. डोळ्यांना न दिसणारी बारीक धूळ मात्र थेट छातीत उतरते. ती आमच्या कारखान्याची असते, वीज केंद्रांची असते, बंदराकडे जाणाऱ्या ट्रकांचीही असते. एकदा हवेत मिसळली की कुठली कोणाची, हे कोणी सांगू शकत नाही.

थंडीच्या सुमाराला मुलीला खोकला सुरू झाला. आधी आम्ही सर्दी म्हणालो, मग शाळेतली साथ म्हणालो. शेवटी खालच्या मजल्यावरच्या बाई जिना चढून वर आल्या. त्या निवृत्त शिक्षिका. यजमान वारलेले, मुलगा परदेशात. इमारतीत सगळे त्यांना टीचर म्हणायचे, आमची मुलगी तमिळ मुलांचं ऐकून पाटी म्हणायची, म्हणजे आजी. त्यांचं घराणं तंजावरचं मराठी. त्यांची मराठी जुनी, तमिळच्या चालीवर हेलकावे घेणारी; आमची ऐकून त्यांना हसू यायचं आणि त्यांची ऐकून आम्हाला.

त्या दिवशी कोणी हसलं नाही. "मूल असकं रात्र खोकतें," त्या म्हणाल्या. असकं म्हणजे सगळं, हा शब्द मला एव्हाना कळायला लागला होता. "खाली ऐकूं येतें. खिडक्या झांकून ठेवा."

आम्ही खिडक्या लावून घेतल्या. हवा शुद्ध करणारं यंत्र आणून झोपायच्या खोलीत ठेवलं आणि मुलीला सांगितलं, शाळेतून आलीस की इथेच खेळायचं. काही दिवसांत यंत्राची पांढरी जाळी काजळीसारखी झाली. बायकोने ती माझ्यासमोर धरली आणि धुवायला घेऊन गेली. ती जाळी धुवायची नसते, बदलायची असते, हे मला माहीत होतं. पण तेव्हा ते सांगावंसं वाटलं नाही.

अण्णा नगरमधल्या छातीच्या डॉक्टरांनी मुलीला तपासलं. घर कुठे, ते विचारलं. नोकरी कुठे, तेही विचारलं. मी सांगितलं. त्यांनी थोडा वेळ माझ्याकडे पाहिलं आणि तोंडाने ओढायच्या औषधाचा पंप लिहून दिला.

"आणखी काही करता येईल?" बायकोने विचारलं.

"थोडे दिवस दुसऱ्या हवेत ठेवून बघा."

दुसरी हवा वाईजवळ होती, बायकोच्या माहेरी. परीक्षा संपताच मी दोघींना तिकडे सोडून आलो. सुट्टीपुरतंच, असं ठरलं होतं. मुलीने पंप स्वतःच्या छोट्या पिशवीत ठेवला होता आणि वाटेत तो दोन-तीनदा काढून मला दाखवला.

पंधरवडाही झाला नसेल, बायकोचा फोन आला. "ऐक ना," ती म्हणाली, "खोकत नाहीये. आज टेकडीवर पळत गेली. माझ्या पुढे!" तिचा आवाज आनंदाने फुटत होता. मीही आनंदाने ओरडलो. फोन ठेवला आणि स्वयंपाकघरात नुसता उभा राहिलो. मुलगी इथे आजारी होती आणि तिथे बरी होती. आता सुट्टी संपल्यावर तिला परत आण, असं मी कोणत्या तोंडाने म्हणणार होतो?

जूनमध्ये तिचं नाव तिकडच्या शाळेत घातलं. बायकोलाही त्याच शाळेत शिकवायचं काम मिळालं. इकडे मी कामावरून यायचो, कुलूप उघडायचो, आणि घरात सकाळी टाकून गेलेलं सगळं जसंच्या तसं पडलेलं असायचं. खिडक्या अजून बंदच होत्या. आता त्या कोणासाठी बंद ठेवायच्या, असा विचार यायचा, पण उघडवत नव्हत्या. भात लावायचो, फोन समोर उभा करून जेवायचो. मुलगी पडद्यावर येऊन शाळेतलं सांगायची, आणि मध्येच कोणीतरी बाहेरून हाक मारली की पळून जायची. मग पडद्यावर बराच वेळ भिंत दिसायची.

नाताळच्या सुट्टीत दोघी आल्या. मी घर घासूनपुसून लख्ख केलं होतं. पहिले दोन दिवस छान गेले. तिसऱ्या दिवशी सकाळी धूर खाली उतरून इमारतींमध्ये अडकला, आणि दात घासताना मुलगी खोकली. एकदाच. बायकोने माझ्याकडे पाहिलं. दुपारपर्यंत मुलीची छाती वाजायला लागली होती. परतीची तिकिटं अलीकडच्या तारखेची मीच करून घेतली.

सेंट्रल स्टेशनवर डब्याच्या दारात मुलगी मला चिकटून उभी राहिली. "बाबा, तू पण चल ना."

"माझं काम इथे आहे, बाळा."

"मग तिथे कर."

त्यानंतर मी बदलीसाठी साहेबांना भेटलो. माणूस भला होता. खुर्ची दिली, कॉफी मागवली. त्यांनी दोन-तीन जागा सांगितल्या. सगळीकडे तेलच होतं, जळता गॅस होता, किनारा होता नाहीतर विहिरी होत्या. "तुमचा अनुभव याच कामाचा," ते म्हणाले. खरंच होतं. मी दुसरीकडेही अर्ज केले, पुण्याकडे, औषधांच्या कारखान्यांत. बोलावणी आली नाहीत.

त्या संध्याकाळी बायकोला फोनवर हे सांगितलं. ती म्हणाली, "मग तिथेच राहा. निदान खाली टीचर आहेत."

ती रागाने म्हणाली नव्हती. पण एकमेकांपासून दूर राहायचं, हे त्या वाक्यात ठरून गेलं. अजून तसंच आहे. मुलीला आता पंप लागत नाही. इथली तमिळ ती विसरली. परवा टीचरनी माझ्या फोनवर तिला तमिळमध्ये काहीतरी विचारलं तर ती नुसतीच लाजून हसली, आणि टीचरना वाटलं तिला ऐकू आलं नाही, म्हणून त्यांनी तेच पुन्हा, मोठ्याने विचारलं.