गिधाडांसाठी मांडलेली पंगत

डोंगरात फिरणाऱ्या माणसांकडे नोंदी कमी आणि किस्से जास्त जमतात. नोंदी मुद्दाम लिहाव्या लागतात, किस्से आपोआप साठतात, माळ्यावरच्या रिकाम्या डब्यांसारखे. परवा आमचा जुना गट बऱ्याच वर्षांनी भेटला. एक डबा काढायला गेलो, तर सगळेच धडाधड अंगावर आले! म्हटलं, आता सांगूनच टाकावेत.

नाशिकहून हरसूलकडे जाताना, पाड्यांच्या मागे एक उभा कडा आहे. नव्वदच्या दशकात त्यावर लांब चोचीची गिधाडं घरटी करायची. दरवर्षी ती कमी होत होती, आणि का, ते कुणालाच कळत नव्हतं. छापखान्यातून निवृत्त झालेल्या आमच्या नानांनी दोन हजार एक साली एके दिवशी जाहीर केलं, "हा कडा माझ्या डोळ्यांदेखत रिकामा होणार नाही!" नानांनी ठरवलं म्हणजे आपण सगळ्यांनी ठरवलं, असा त्यांचा खाक्या. मी शाळेत चित्रकला शिकवायचे. एका रविवारी गिधाडाचं चित्र काढून द्यायला म्हणून गेले, ती पुढची बारा वर्षं घरच्यांना रविवारी दिसलेच नाही.

* * *

सुरुवातीचीच गोष्ट. कड्यासमोर आम्ही तिपाईवर मोठी दुर्बीण लावून बसलो होतो. तेवढ्यात पाड्यावरच्या सात-आठ बायका हातात विळे घेऊन चालून आल्या.

"मापं घ्यायची नाय! धरनाचा सर्वे हाय ना? आमी जमीन सोडनार नाय!"

मी घाबरले. नाना मात्र उठले आणि पुढच्या म्हातारीला म्हणाले, "आजी, तुम्हीच बघा काय दिसतंय ते." त्या बायजाआजी. याच पाड्यावरच्या आणि पुढे आमच्या गटात आलेल्या काशिनाथदादांच्या आई. आजींनी दुर्बिणीला डोळा लावला आणि चांगली पाच मिनिटं हलल्याच नाहीत.

"गिधाड हाय. बसलंय."

"हो आजी, अंड्यावर बसलंय."

"ह्ये बघाया नाशिकवरनं आला?"

"हो."

"दर ऐतवारी?"

"दर रविवारी."

आजी बाकीच्या बायकांकडे वळल्या. "चला गं. येडी हायेत, पन गरीब हायेत!"

त्या दिवसापासून आमचा चहा त्यांच्या चुलीवर.

* * *

गिधाडांना खायला मिळत नसावं, असा आमचा तेव्हाचा अंदाज. पूर्वी पाड्याबाहेर मेलेली ढोरं टाकायची ठरलेली जागा असे. ती बंद पडत चालली होती. मग नानांनी कड्यासमोरच्या कातळावर पंगत मांडायचं ठरवलं. गावोगावी निरोप गेले, की जनावर मेलं तर पुरू नका, नानांना फोन करा. जनावर आम्ही घेऊन जाऊ.

आणि फोन आला तो नेमका नानांच्या मुलीच्या साखरपुड्यात! व्याही, विहीणबाई, त्यांचे मामा, सगळे दिवाणखान्यात बसलेले. फोन कोपऱ्यात. त्यांना ऐकू आलं ते फक्त नानांचं बोलणं.

"गेली? कधी? वा! वा! फार चांगली बातमी दिलीत!"

व्याह्यांनी मामांकडे पाहिलं.

"आजारी होती का? नाही? म्हातारपणानंच? उत्तम! हे बघा, आख्खी ठेवा. कापू बिपू नका. मी जेवण उरकून टेम्पो घेऊन येतोच!"

विहीणबाईंच्या हातातला पेढा हातातच राहिला. म्हैस होती हे समजावून सांगायला नानांच्या बायकोला, आमच्या वहिनींना, अर्धा तास लागला. लग्न झालं, संसार छान चाललाय, पण विहीणबाई अजून नानांच्या घरात मुक्काम करत नाहीत.

* * *

टेम्पो सलीमभाईंचा. नाशकात भद्रकालीत राहायचे, एरवी भाजीपाला वाहायचे. मेलेलं जनावर न्यायला त्यांनी नाही म्हटलं नाही, एक अट मात्र घातली. "नाना, मी एकटा हे घेऊन निघालो तर गिधाडांच्या आधी माणसंच मला खातील. तुम्ही पुढं बसायचं. गंध लावून!" हसत म्हणाले खरे, पण ते हसण्यावारी न्यायचं बोलणं नव्हतं, आम्हालाही कळत होतं. नाना एकदाही चुकले नाहीत. गंध लावून बसले.

एकदा नाक्यावर हवालदारानं अडवलंच. नानांनी जनावरांच्या डॉक्टरांची चिठ्ठी पुढे केली. हे डॉक्टर तिकडच्या सरकारी दवाखान्यात होते. मनानं आमच्यातलेच, पण ड्युटीमुळे रविवारी येता यायचं नाही. चिठ्ठीत लिहिलं होतं, "सदर बैल वार्धक्याने मृत झाला असून गिधाडांच्या भोजनार्थ पाठवण्यात येत आहे."

हवालदारानं चिठ्ठी दोनदा वाचली. ताडपत्री वर करून पाहिलं. नाकाला रुमाल लावला.

"गिधाडांना कळवलंय का?"

"नाही हो," नाना अगदी गंभीरपणे म्हणाले, "आली तर आली."

"मग जा पुढं. आमच्याकडं साहेब पण असेच येतात!"

पहिली दोन वर्षं गिधाडं आलीच नाहीत. पंचक्रोशीतली कुत्री मात्र गुटगुटीत झाली.

* * *

आमच्या शहाणपणाचाही एक किस्सा सांगितला पाहिजे, नाहीतर मी फक्त दुसऱ्यांनाच हसते असं व्हायचं.

कड्याच्या माथ्यावर गवतात एक नाजूक वेल मिळाला. खर्चुडीच्या जातीतला, कंदिलासारखी फुलं येणारा. फार थोड्या डोंगरांवर सापडतो. नाना हरखून गेले. पण वणवा आला तर? म्हणून आम्ही दोन रविवार घालवून भोवतालचं गवत मुळापासून काढलं. वेल कसा, ताटात वाढल्यासारखा दिसायला लागला. मी चित्रंही काढली.

तिसऱ्या रविवारी गेलो, तर वेल नाही. शेळ्यांच्या लेंड्या होत्या.

बायजाआजी कमरेवर हात ठेवून बघत होत्या. "गवतात दडलेलं व्हतं म्हनून ऱ्हायलं व्हतं. शेळीला वाढून कोनी दिलं?"

कंद खाली शाबूत होता म्हणून पुढच्या पावसाळ्यात वेल परत आला. त्या वर्षी आम्ही तिथल्या गवताला हातसुद्धा लावला नाही.

* * *

वणव्याचं काम काशिनाथदादांनी त्यांच्या पद्धतीनं केलं. गवत जाळलं की पुढं चांगलं फुटतं, हा पाड्याचा जुना समज, आणि घरट्यात पिल्लं असतात नेमकी त्याच दिवसांत. आम्ही स्लाइड शो केला, पत्रकं वाटली. लोकांनी पत्रकात भजी खाल्ली.

काशिनाथदादा म्हणाले, "नाना, तुमी थांबा आता." त्यांनी पाड्याला वाघदेवापुढे बसवलं, नारळ ठेवला, आणि सगळ्यांना शब्द द्यायला लावला, की पिल्लू उडेपर्यंत कड्याखाली काडी पेटणार नाही. झालं! त्या वर्षी एक ठिणगी नाही.

पुढच्या वर्षी जंगलखात्याचे नवे साहेब आले. वणवा अडवायला आधीच जाळून ठेवायचा पट्टा, म्हणजे जाळरेषा, काढायची म्हणून कड्याखालीच गवत पेटवायला निघाले. पाडाच्या पाडा आडवा उभा राहिला.

"सरकारी काम आहे!" साहेब कडाडले.

"हो ना सायेब," काशिनाथदादा अगदी नम्रपणे म्हणाले. "सरकारनं वाघदेवाला शब्द दिलेला नाय, तेवढा राहिलाय. ह्यो घ्या नारळ."

साहेबांनी शेवटी नारळ फोडला, आणि जाळरेषा पलीकडच्या उतारावर काढली.

* * *

आणि आता हा. हा आम्ही आपसात फार वेळा सांगत नाही.

तिसऱ्या थंडीत गिधाडं कातळावर उतरायला लागली होती. त्या रविवारी सलीमभाईंनी एका शेतकऱ्याचा लंगडा बैल आणून टाकला होता. आम्ही करवंदीच्या जाळीमागे पालथे पडलो होतो. कड्याजवळ कुजबुजायचीसुद्धा बंदी, हा नानांचा नियम. मी एकदा शिंकले तर दोन आठवडे माझ्याशी बोलले नव्हते. वर घिरट्या सुरू झाल्या. एक उतरलं, मग दुसरं, मग पाच-सहा. पंख मिटून बैलाकडे सरकायला लागली. नानांच्या डोळ्यांत पाणी आलं होतं, मी शपथेवर सांगते.

तेवढ्यात खालून डॉक्टर धापा टाकत चढून आले. रजा टाकून आले होते. हातात एक मासिक. जाळीमागे येऊन बसले आणि दबक्या आवाजात म्हणाले, "नाना, कारण सापडलंय. उपासमार नाही. आपण जनावरांना दुखण्यावर जे इंजेक्शन देतो ना, ते. टोचल्यावर दोन-चार दिवसांत जनावर मेलं आणि गिधाडानं ते खाल्लं, की त्याची मूत्रपिंडं जातात. खलास."

नानांचा चेहरा पांढरा पडला. "म्हणजे आजवर आपण टाकलेली..."

डॉक्टर मात्र जाळीतून कातळाकडे बघत होते. बैलाचा डावा कान फाटका होता.

"हा बैल मी ओळखतो," ते म्हणाले. "शुक्रवारी. पायाला सूज होती."

पुढचं कुणी ठरवलं नाही. नाना उठले आणि बोंबलत सुटले! डब्याच्या झाकणावर दगड बडवत, आयुष्यात कधी ओरडले नसतील असे. सलीमभाईंनी अंगातला शर्ट काढून गरागरा फिरवला. काशिनाथदादा आणि मी मुठी भरभरून खडे मारत होतो, त्याच पक्ष्यांना, ज्यांच्यासाठी आम्ही तीन थंड्या पोटावर पडून काढल्या होत्या. गिधाडं एकेक करत जड जड उडाली.

एक राहिलं. ते बैलाच्या पोटापाशी पोचलं होतं आणि हलेना. डॉक्टर धावत गेले आणि बैलावर आडवे पडले. दोन्ही हात पसरून, त्या पक्ष्याच्या चोचीसमोर तोंड करून ओरडले,

"खाऊ नको रे बाबा! माझा हात लागलाय त्याला!"