देवी वाकली

देवाधर्माचं सगळं सासूबाई बघत. मी रेशन आणि रॉकेल बघत असे. ह्यांच्या पायांतली ताकद गेली तेव्हाही मी नवस केला नाही, टॅक्सी केली आणि इस्पितळ गाठलं. साकीनाक्याच्या कारखान्यात दिवसभर लेथवर उभा राहणारा माणूस बघता बघता खाटेला खिळला. डॉक्टर म्हणाले, शरीराची संरक्षक शक्तीच नसांवर उलटली आहे, आणि हृदयाचे ठोके सांभाळणाऱ्या नसाही त्यात सापडल्या आहेत. हृदय धडधाकट, पण त्याला लगाम नाही. नाडी मध्येच धावे, मध्येच विझत जाई. खाटेजवळच्या यंत्राच्या पडद्यावरची ठोक्यांची हिरवी रेघ बघत मी बसून असे.

उन्हाळ्यातल्या एका दुपारी सासूबाई गावच्या देवीचं तीर्थ घेऊन आल्या. मी ते बोटाने ह्यांच्या ओठांना लावणार, तोच म्हणाल्या, "निजान कोण तीर्थ घेता गो? बसव त्याका." आमच्याकडे रीतच तशी. दोघींनी खांदे धरून ह्यांना उठवलं. चेहरा मेणासारखा झाला, मान माझ्या हातावर कलली. पडद्यावर एक ठोका उमटला आणि दुसरा येईचना. सासूबाई हाका मारू लागल्या. मी ह्यांना आणखी ताठ बसवू लागले.

"आडवा कर त्याला, बाय. देवी वाकंल."

खाटेच्या पायथ्याशी एक कोळीण उभी होती. डोक्यावर टोपली, लुगडं गुडघ्यापर्यंत ओलं. आवाजात जराही घाई नाही. मी ह्यांना आडवं केलं. सिस्टर धावत आली, तिने इंजेक्शन दिलं, रेघ पुन्हा हलू लागली.

"लगेच आडवं केलंत म्हणून वाचले," सिस्टर म्हणाली. "ह्या आजारात एकदम बसवलं तर रक्तदाब कोसळतो, ठोकाही अडकतो."

मी वळले तर पायथ्याशी कुणी नव्हतं. सासूबाईंना कोळीण दिसलीच नव्हती. दारावरचा वॉचमन हसला, "काय मावशी, मासळीची टोपली आत सोडीन का मी?" पण फरशीवर ओली पावलं होती. खाटेकडे येणारी. परत जाणारी नव्हती. ती वाळेपर्यंत मी तिथेच उभी राहिले.

बोलण्याइतकी ताकद आल्यावर ह्यांनी पहिलं विचारलं, "ती कोळीण गेली का गं? मला इथे आणलं तेव्हापासून पायाशी उभी होती." मी ह्यांना त्यातलं काहीच सांगितलं नव्हतं.

ती कोण, याचा शोध मी घेतला नाही. हे आज काठी टेकत का होईना, चालतात. माझे हात आपोआप जोडले जातात. आमच्या घरात आता आजारी माणसाला तीर्थासाठी कुणी उठवत नाही. मीच वाकते. पायथ्याशी मात्र कुणाला उभं राहू देत नाही. ती जागा तिची.